व्यापार करार आणि नाशिकचं शिवार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि गावातल्या उत्पादक गटाची निर्यातीची कागदपत्रं मी सांभाळतो. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी करारावर सही झाली, तेव्हापासून पॅकहाऊसवर, बाजार समितीत, लग्नाच्या मांडवात तेच तेच प्रश्न कानावर येतात. काहींना वाटतं आता सोनं होणार. काहींना वाटतं परदेशी माल आपल्याला गिळणार. दोन्हीकडच्या लोकांशी बोलताना जी उत्तरं दिली ती इथे एकत्र लिहिली आहेत.

मुक्त व्यापार करार म्हणजे सगळा माल बिनशुल्क येणार-जाणार का?

नाही. प्रत्येक करारात वस्तूंच्या लांबलचक याद्या असतात. काही वस्तूंचं शुल्क पहिल्याच दिवशी जातं, काहींचं पाच-दहा वर्षांत हप्त्याहप्त्याने उतरतं, काहींना कोटा असतो आणि काही वस्तू यादीतच नसतात. त्यामुळे ‘करार चांगला की वाईट’ असा मोघम प्रश्न विचारून उपयोग नाही. तुमचा माल कोणत्या यादीत आहे, ते आधी बघा.

सध्या कोणकोणते करार आपल्या कामाचे?

संयुक्त अरब अमिरातींशी झालेला १ मे २०२२ पासून लागू आहे, ऑस्ट्रेलियाशी झालेला २९ डिसेंबर २०२२ पासून. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या चार देशांशी १० मार्च २०२४ ला सही झाली आणि तो १ ऑक्टोबर २०२५ ला लागू झाला. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला सही झाली. युरोपीय संघाशी वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा २७ जानेवारी २०२६ ला झाली.

घोषणा, सही आणि अंमल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. घोषणेनंतर मसुद्याची कायदेशीर छाननी होते, मग सही, मग दोन्हीकडची मंजुरी, आणि त्यानंतर अंमलाची तारीख. घोषणेच्या बातमीवर यंदाच्या मालाचा भाव धरून कोणी बागेत सौदा करायला आला, तर त्याला अंमलाची तारीख विचारा.

युरोपात शुल्क शून्य झालं तर माझ्या द्राक्षाला किलोमागे किती जास्त मिळतील?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

युरोपीय संघात जानेवारीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपल्या खाण्याच्या द्राक्षांवर ८ टक्के शुल्क लागतं. आपला हंगाम नेमका याच काळात येतो. समजा, तिकडच्या बंदरात पोहोचलेल्या मालाची किंमत किलोला १५० रुपये आहे. (आकडा फक्त हिशेबापुरता घेतला आहे.) ८ टक्क्यांनी १२ रुपये होतात. म्हणजे शुल्क पूर्ण गेलं तर किलोमागे १२ रुपये मोकळे होतील.

आता हे १२ रुपये कोणाच्या खिशात जातील? रांगेत चौघं उभे आहेत: तिकडचं सुपरमार्केट, तिकडचा आयातदार, आपला निर्यातदार आणि सगळ्यात शेवटी आपण. हंगामाआधी भाव ठरवताना सुपरमार्केटला शुल्क गेल्याचं माहीत असतंच, त्यामुळे पहिला घास ते घेणार. त्यातून किलोला ३ रुपये जरी बागेपर्यंत आले, तरी एकरी सहा टन निर्यातीचा माल निघणाऱ्या शेतकऱ्याला अठरा हजार रुपये मिळतील. रक्कम वाईट नाही, पण फेब्रुवारीतल्या एका अवकाळी सरीने मणी तडकले तर त्याच्या कितीतरी पट जातं.

दुसरी बाजूही आहे. दक्षिण आफ्रिका, चिली, पेरू आणि इजिप्त यांचे युरोपशी करार आधीच आहेत आणि त्यांचा माल सवलतीत जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या बाजारात आपला घड दक्षिण आफ्रिकेच्या आणि चिलीच्या घडाशेजारी ठेवला जातो. म्हणजे शून्य शुल्काने आपण त्यांच्या पुढे जात नाही, इतकी वर्षं पायात असलेली बेडी निघून बरोबरीला येतो. माझ्या लेखी ही मोठी गोष्ट आहे, कारण ती बेडी आपण फार काळ ओढली. युरोपीय संघाच्या बाबतीत भारत सरकारने ज्या शेतमालाला सवलत मिळाल्याचं सांगितलं, त्यात द्राक्षं आणि सुकवलेला कांदा दोन्ही आहेत. जिल्ह्यासाठी ही चांगलीच बातमी आहे.

म्हणजे शुल्क गेलं की माल आपोआप जाईल?

इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. युरोपच्या दारात शुल्काची भिंत ठेंगणी आहे आणि रेसिड्यूची, म्हणजे मालात उरलेल्या फवारणीच्या औषधांच्या अंशांची, भिंत उंच. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्यासाठी तिथे सरसकट मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. कोणत्याही करारात ही मर्यादा सैल होत नाही. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यापासून स्वतःच्या मर्यादा स्वतः ठरवतो, त्यामुळे युरोपची यादी बघून ब्रिटनला माल पाठवणं आता पुरेसं नाही.

२०१० सालची आठवण ज्यांच्या घरात आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. शेंडावाढ रोखण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराईडचे, म्हणजे आपल्या भाषेत लिहोसिनचे, अंश त्या वर्षी युरोपात आपल्या द्राक्षांत सापडले आणि कंटेनर अडकले. इकडच्या तपासणीत हे औषध शोधलंच जात नव्हतं. आमचा माल ज्याच्यामार्फत गेला होता त्याने ‘तिकडून पैसे आले नाहीत’ एवढं सांगितलं, आणि निम्मी रक्कम आजपर्यंत आलेली नाही. वडिलांनी त्या वर्षी सोसायटीचं कर्ज जुनं-नवं करून घेतलं, म्हणजे नवं काढून जुनं फेडलं. बाग तोडायची की ठेवायची यावर घरात महिनाभर कोणी नीट बोललं नाही.

त्या धक्क्यातून आपण शिकलोही. अपेडा या शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्रीय संस्थेची, द्राक्षांचा माग ठेवणारी ग्रेपनेट व्यवस्था २००६ पासून होतीच, पण त्यानंतर प्लॉटची नोंदणी, काढणीपूर्व नमुना, पॅकहाऊसची मान्यता आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी या गोष्टी लोक मनापासून पाळू लागले. एखाद्या डब्यातला माल कोणत्या गटातल्या कोणत्या प्लॉटमधला, हे आज शोधता येतं. नाशिकच्या शेतकऱ्याने स्वतःच्या कष्टाने उभी केलेली ही पत आहे. करार त्या पतीचं मोल वाढवू शकतो, पण पत नसेल तर करारातली सवलत बंदरावरच सडते.

शिवाय रस्ता आहेच. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि न्हावाशेव्याहून निघालेली जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली. नाशवंत मालाला दोन आठवडे जास्त म्हणजे काय, ते शून्य अंशावर घड टिकवणाऱ्याला विचारा. भाड्यात जे वाढलं त्यापुढे ८ टक्के किरकोळ वाटावेत.

वाईन उद्योगाला धोका आहे का? आम्ही वाईनरीला करारावर द्राक्षं देतो.

धोका आहे, पण उद्याचा नाही. ऑस्ट्रेलियाच्या करारात बाटलीची आयात किंमत ५ डॉलरच्या वर असेल तर शुल्क १५० टक्क्यांवरून लगेच १०० टक्के झालं आणि दहा वर्षांत ते ५० टक्क्यांवर येणार आहे. १५ डॉलरच्या वरच्या बाटलीला लगेच ७५ आणि शेवटी २५ टक्के. ५ डॉलरच्या खालच्या वाईनला सवलत नाही. युरोपीय संघाच्या बाबतीतही १५० वरून आधी ७५ आणि मग टप्प्याटप्प्याने महाग वाईनसाठी २० टक्क्यांपर्यंत असं ठरलं आहे आणि अगदी स्वस्त वाईन बाहेर ठेवली आहे.

या किमान किमतींमुळे आपल्याकडच्या साध्या वाईनला आडोसा मिळतो. गंगापूर धरणाच्या आसपास आणि दिंडोरीत मात्र गेल्या पंचवीस वर्षांत ज्यांनी चढ्या किमतीच्या बाटल्या घडवल्या, त्यांच्या मांडणीवर आता फ्रान्स आणि इटली येऊन बसणार. वाईनरीवर दाब आला की ती पहिल्यांदा द्राक्षाच्या दराकडे बघते. शिराझ किंवा सोव्हिन्यो ब्लाँ लावलेल्या शेतकऱ्याला तो माल बाजार समितीत विकता येत नाही, दुसरं गिऱ्हाईक नाही. म्हणून दराचा करार एका वर्षाचा असेल तर तो पाच वर्षांचा करून घेण्याची वेळ आत्ता आहे, शुल्क उतरायच्या आधी.

राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, तेव्हा कारखान्यांबरोबर शेतकऱ्यांनीही त्यावर विसंबून वेली लावल्या. आता आधार द्यायचा असेल तर तोही दोघांना मिळावा.

कांद्याला या करारांचा काय फायदा?

कागदावर आहे. प्रत्यक्षात कांद्याचं दुखणं परदेशातल्या शुल्कात नाहीच, ते आपल्याच दारात आहे.

क्रम आठवून बघा. १९ ऑगस्ट २०२३ ला आपल्याच सरकारने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. लासलगाव, पिंपळगाव, सगळीकडे लिलाव बंद पडले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात थेट निर्यातबंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान किंमत गेली आणि शुल्क २० टक्के झालं. ते पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

या वीस महिन्यांत कोलंबोच्या, दुबईच्या, क्वालालंपूरच्या व्यापाऱ्याने काय करायचं होतं? त्याने पाकिस्तानचा, इजिप्तचा कांदा घेतला. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानात जाऊन रुळलं की त्याला परत आणायला दर पाडावा लागतो, आणि तो दर चाळीत कांदा साठवून बसलेल्या शेतकऱ्याच्या पदरातून जातो.

व्यापार करार इथे आपलं रक्षण करत नाहीत. जागतिक व्यापार संघटनेच्या मूळ नियमांतही अन्नपदार्थांची तीव्र टंचाई असेल तर निर्यात तात्पुरती रोखायची मुभा आहे, आणि ‘तीव्र’ कशाला म्हणायचं ते प्रत्येक सरकार आपल्या सोयीने ठरवतं. शहरातल्या माणसाला कांदा परवडला पाहिजे हे मला मान्य आहे. पण परदेशी सरकारांशी दहा-दहा वर्षांची वेळापत्रकं लिहून देणाऱ्या सरकारने स्वतःच्या शेतकऱ्याला निदान एका हंगामाचं वेळापत्रक लिहून द्यावं. रोप टाकताना जे धोरण होतं ते काढणीपर्यंत तसंच राहील, एवढी हमी मिळाली तर ती कोणत्याही करारापेक्षा लासलगावच्या जास्त कामाची ठरेल.

बांगलादेशात द्राक्षं जात नाहीत असं ऐकतो. असं का?

बांगलादेशने फळांवरचं आयातशुल्क गेल्या काही वर्षांत वाढवत नेलं. विदर्भाचा संत्राही त्यात भरडला गेला. युरोपला जाणारा माल मोजून-मापून निवडलेला असतो. उरलेल्या चांगल्या मालाचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश होता. ते आटलं की तोच माल देशातल्या बाजारात येतो आणि दर पडतो. दिल्लीच्या व्यासपीठांवर लंडन-ब्रुसेल्सची चर्चा जेवढी होते, तेवढी ढाक्याची व्हायला हवी.

बेदाण्याचं काय? बाहेरचा बेदाणा कसा येतो?

अफगाणिस्तानचा बेदाणा दक्षिण आशियाई करारामुळे सवलतीत येतो. त्यांच्या शेतकऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिसऱ्याच देशाचा माल शेजारच्या वाटेने आत शिरतो, अशी तक्रार तासगाव ते पिंपळगाव सगळे उत्पादक करत आले आहेत.

इथे ‘मालाचं मूळ’ हा नियम लागू होतो. सवलत हवी असेल तर माल खरोखर त्या देशात पिकलेला किंवा पुरेसा घडवलेला असावा लागतो. सप्टेंबर २०२० पासून आपल्याकडे असा नियम आहे की नुसतं प्रमाणपत्र दाखवून आयातदाराला सुटता येत नाही. माल मूळचा कुठला याची माहिती त्याने स्वतःजवळ ठेवायची आणि सीमाशुल्क अधिकाऱ्याने मागितली तर द्यायची. नियम चांगला आहे. तो वापरला जातो का, हे ऐन हंगामात विचारत राहणं उत्पादक संघटनांचं काम आहे. ताज्या द्राक्षांना हा प्रश्न येत नाही, वेल आपल्या मातीत आहे आणि तेवढं पुरतं.

दुधाचं आणि सफरचंदाचं?

ब्रिटनच्या करारात दूध-दुभतं आणि सफरचंद दोन्ही बाहेर ठेवले आहेत. सिन्नर-येवल्याच्या दूधवाल्यांनी या कराराची धास्ती घेऊ नये. ४ नोव्हेंबर २०१९ ला भारत आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या मोठ्या व्यापार कराराच्या वाटाघाटींतून बाहेर पडला, तेव्हा न्यूझीलंडच्या दूध पावडरीची भीती हे एक मोठं कारण होतं, आणि ती भीती रास्त होती.

सातपूर, अंबडच्या कारखान्यांना फायदा की तोटा?

दोन्ही. ब्रिटन आपल्या ९९ टक्के वस्तुप्रकारांवरचं शुल्क काढतो आहे, त्यामुळे वाहनांचे सुटे भाग, विजेची उपकरणं बनवणाऱ्यांना वाट मोकळी होते. उलट बाजूने आपण ब्रिटनच्या ९० टक्के वस्तुप्रकारांवरचं शुल्क कमी करतो. त्यात यंत्रसामग्री आली, म्हणजे आपल्याला लागणारं यंत्र स्वस्त होईल आणि यंत्र बनवणाऱ्या आपल्या माणसाला स्पर्धाही येईल. केंद्र सरकारच्या मोठ्या निविदाही ब्रिटिश कंपन्यांना खुल्या होतात. लहान कारखानदारांनी या कलमाकडे फार लक्ष दिलेलं दिसत नाही.

युरोपला लोखंडी-पोलादी माल पाठवणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानात धरावी. तिथे १ जानेवारी २०२६ पासून कार्बन सीमा कर लागू आहे. पोलाद आणि अॅल्युमिनियमच्या मालाबरोबर त्यात नट-बोल्टसारख्या वस्तूही येतात, आणि करारामुळे त्यातून सूट मिळालेली नाही. एका हाताने शुल्क काढलं आणि दुसऱ्या हाताने कार्बनचा हिशेब मागितला. बारा-पंधरा माणसांच्या वर्कशॉपला कच्च्या पोलादामागे किती कार्बन निघाला याचा कागद कुठून मिळणार? त्यासाठी जिल्ह्यात सामाईक सोय उभी राहिली पाहिजे, एकट्यादुकट्याला हे झेपणारं नाही.

मुलगा ब्रिटनमध्ये कंपनीच्या कामावर जाणार आहे. त्याला काही लाभ?

कंपनीने तात्पुरतं पाठवलेल्या कर्मचाऱ्याला ठरलेल्या मुदतीपर्यंत तिकडचा सामाजिक सुरक्षेचा हप्ता भरावा लागणार नाही, इकडचा भविष्य निर्वाह निधी चालू राहील. हे वेगळ्या जोडकराराने ठरलं आहे. व्हिसा सोपा झाला असं मात्र समजू नये.

करारामुळे घरचं बी ठेवायला बंदी येईल का?

आज नाही. आपल्या २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखून ठेवायचा, पेरायचा, एकमेकांना द्यायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचं नाव छापून विकता येत नाही. श्रीमंत देशांना वाटाघाटीत वाण-मालकांचे हक्क याहून कडक हवे असतात, आणि हा आग्रह दर करारात पुन्हा येतो. आमच्या भागात आजही डेंगळे लावून कांद्याचं बी घरीच धरलं जातं. शेतकरी संघटनांनी या एका मुद्द्यावर तसूभरही मागे हटू नये असं माझं ठाम मत आहे.

द्राक्षाच्या नव्या परदेशी वाणांची गोष्ट वेगळी. ती लावताना तुम्ही मालकाशी करार करता, रॉयल्टी देता. कलम करून भावकीत वाटायची मुभा त्यात नसते. सही करण्यापूर्वी मराठीत वाचून घ्या.

करार जाचक ठरला तर मोडता येतो का?

बाहेर पडायची तरतूद असते. एखाद्या मालाची आयात अचानक वाढून इथल्या उत्पादकाचं नुकसान झालं तर सवलत थांबवण्याची सोयही असते. त्यासाठी नुकसानीचे आकडे मांडावे लागतात. मोठ्या कंपन्यांकडे ते तयार असतात. शेतकऱ्याकडे काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती असते आणि तीही हरवलेली. जपून ठेवा.

तुम्ही स्वतः बाजूने की विरोधात?

ब्रिटन आणि युरोपच्या बाबतीत बाजूने. द्राक्षाला बरोबरीचं मैदान मिळतं, दूध वाचलं आहे आणि वाईनला तयारीला वेळ आहे. मात्र सगळ्याच करारांच्या बाजूने मी नाही. आसियान देशांशी २०१० पासून लागू झालेल्या करारानंतर आपली त्या देशांशी व्यापारातली तूट वाढतच गेली, हे विसरून चालणार नाही. आणि ब्रिटन-युरोपलाही माझा होकार आहे तो दिलेल्या सवलतीचा पैसा बागेपर्यंत यावा या अटीवर. ती अट सरकारने करारात घातलेली नाही. ती आपल्यालाच घालावी लागेल.

ती कशी घालायची?

एकेकट्याने सौदा करू नका. व्यापारी एकेका बागेत जाऊन ‘शेजाऱ्याने इतक्यात दिला’ म्हणतो, तेव्हा खरं-खोटं करायला गट लागतो. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने शेतकऱ्यांची कंपनी काढून स्वतः निर्यात करून दाखवली, म्हणजे हे नाशिकमध्ये होऊ शकतं.

व्यापाऱ्यालाच द्यायचा असेल तर सौदा कागदावर घ्या. त्यात चार गोष्टी असाव्यात. माल कोणत्या देशात जाणार. तिथे शुल्क सवलत मिळाली तर त्यातला आपला वाटा किलोला किती. माल नाकारला गेला तर प्रयोगशाळेचा अहवाल आपल्याला दाखवणं बंधनकारक. आणि पैसे किती दिवसांत. आमच्या गटाने गेल्या दोन हंगामांत हा कागद पुढे केला. काही व्यापारी उठून गेले, जे थांबले त्यांचे पैसे वेळेवर आले.

बागेतल्या मजुरांना यातून काय मिळणार?

हा प्रश्न आजवर मला एकाच व्यक्तीने विचारला. सुरगाण्याहून टोळी घेऊन येणाऱ्या बाईंनी. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून काढणीपर्यंत त्या आमच्या शिवारात राहतात. डिपिंग म्हणजे घड द्रावणात बुडवणं, मण्यांची विरळणी, सगळं त्यांच्या हातून होतं. युरोपला जाणाऱ्या घडाचा एकसारखा मणी त्यांच्या बोटांनी घडवलेला असतो.

ब्रिटनच्या करारात कामगार आणि महिला यांच्यावर स्वतंत्र प्रकरणं आहेत. त्यांची भाषा सौम्य आहे, त्यामुळे मजुरी वाढेल असं मी बाईंना सांगू शकलो नाही. तिकडचे ग्राहक मात्र हळूहळू विचारू लागले आहेत: मजुरांना प्यायचं पाणी कुठे, संडास कुठे, फवारणीच्या दिवशी पोरं कुठे असतात. आमच्या गटात अकरा बागांपैकी चार बागांत अजून संडास नाही. यंदा एप्रिलच्या खरड छाटणीआधी ते बांधायचे ठरले आहेत, आणि सौद्याच्या कागदात शुल्काच्या वाट्याखाली मजुरीची एक ओळ घालायची का, यावर पुढच्या बैठकीत बोलणार आहोत. बाईंनाही बोलावलं आहे.